सासरचा उतार

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी नवी वस्ती उठली तेव्हा तिथे राहायला आलेल्या पहिल्या बिऱ्हाडांत मार्तंड गुप्त्याचं बिऱ्हाड होतं. वस्तीत त्याला 'बर्फवाले गुप्ते' म्हणत. हे नाव लोकांनी आपण होऊन दिलं असं कुणी समजू नये, ते त्याने मोठ्या चिकाटीने पाडून घेतलं होतं. नव्या भाडेकरूची ओळख झाली की चहाचा कप अर्धा व्हायच्या आत मार्तंड काश्मीरला पोचलेला असे. त्याचं नवल नाही. फोर्टातल्या विमा कंपनीत त्याचा साहेब त्याला 'खिडकीजवळचा' म्हणून ओळखत होता, आणि खिडकीजवळ तसे दोघे बसत. ज्याला दिवसभर कुणी विचारत नाही त्याने संध्याकाळी कुठेतरी मोठं व्हायचंच.

काश्मीरला तो खराच गेला होता. स्वातंत्र्यानंतरच्या धामधुमीत लष्कराच्या एका कोठारात त्याला कारकुनी मिळाली आणि एक हिवाळा त्याने बर्फात काढला. पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायचं शिक्षण तिथे जवानांना मिळत असे. फावल्या वेळात कारकुनांनाही कुणी नको म्हणत नव्हतं. हवालदाराने मार्तंडला स्वयंपाक्यांबरोबर सगळ्यांत सपाट उतारावर उभं केलं आणि 'नांगर' शिकवला. नांगर म्हणजे दोन्ही पट्ट्यांची टोकं पुढे जवळ आणायची, मागचे भाग फाकवायचे, आणि रखडत रखडत खाली यायचं. आख्ख्या हिवाळ्यात मार्तंडला तेवढाच आला. एकदा हौसेने तो वरच्या उतारावर गेला, त्याने वरून एकदा खाली पाहिलं आणि तो पट्ट्या काखेत मारून बुडावर घसरत खाली आला. खाली मेसमधले यच्चयावत लोक पोट धरून हसत होते. त्या हसण्याला त्यानंतर कित्येक वर्षं झाली तरी मार्तंडच्या कानात ते तसंच होतं.

बाकीचं सारं त्याने कानांनी शिकून घेतलं. हवालदार जवानांवर जे ओरडे ते मार्तंड कोठाराच्या दारात उभा राहून ऐके आणि मनात घोकी. त्यामुळे पुढे तो जे सांगत असे त्यात चूक अशी काही नव्हती, हे त्याचे शत्रूसुद्धा कबूल करतील.

मुलुंडला बर्फ कुठून येणार? पण दिवाळी झाली की डोंगरावरचं गवत पिवळं पडतं, वाऱ्याने आडवं होतं, आणि त्यावर चप्पल ठेवली तर माणूस चप्पल सोडून पुढे जातो. तबेलेवाल्यांची माणसं गवत कापून नेईपर्यंत दोन-अडीच महिने डोंगर तसाच असतो. एका रविवारी फिरायला गेलेला मार्तंड असाच सपशेल आपटला आणि आपटल्या आपटल्याच त्याच्या डोक्यात कल्पना आली. धोंडू सुताराकडून त्याने सागाच्या लांब पट्ट्या काढून घेतल्या, पुढची टोकं वाफेवर वाकवून घेतली, वर जुने बूट स्क्रूने बसवले आणि खालून मेणबत्ती घासली. पुढच्या हिवाळ्यापर्यंत वस्तीतल्या डझनभर घरांच्या गॅलऱ्यांत अशा पट्ट्या उभ्या दिसू लागल्या. लोक दर रविवारी पोह्यांचे डबे घेऊन डोंगरावर जायला लागले, आणि त्या डोंगराचा राजा मार्तंड गुप्ते झाला.

उतारांना नावं त्यानेच दिली. खालचा सपाट तो पाळणा, मधला ऐसपैस तो माहेर, आणि उजवीकडचा उभा, ज्याच्या तळाशी बंद पडलेल्या खाणीतले दगड पसरले होते, तो सासर. कोणी कुठल्या उतारावरून यायचं हे मार्तंड ठरवी. त्याचे नियम पक्के होते.

"उताराचा वरचा भाग कोण बघतो? मूर्ख. शहाणा तळ बघतो," तो काठी आपटून सांगे. "पडलो तर कुठे थांबणार, हे आधी बघायचं. जिथे पडून थांबता येत नाही, तिथे न पडणाराच जाईल. सकाळी गवतावर दव असतं, ते पट्टी धरून ठेवतं. ऊन चढलं की तोच उतार दुप्पट उभा समजायचा. आणि भीती वाटली की माणूस डोंगराकडे झुकतो. तिथेच मेला. वजन खालच्या पायावर टाका, छाती दरीकडे करा. पुढचं वळण घेताना नजर त्याच्या पुढच्या वळणावर पाहिजे."

हे सगळं अस्सल होतं. सांगण्याची पद्धत मात्र मार्तंडची स्वतःची होती. बँकेतल्या एका गृहस्थाला तो सर्वांसमोर म्हणाला, "तुमचं वय आड येत नाही हो, पोट येतं." शेजारच्या अनुपमाबाई एकदा माहेरावर जाऊ का म्हणून विचारायला आल्या, तर म्हणाला, "लग्नानंतर सारखं माहेर माहेर करू नये." लोक हसत, आणि ज्याच्यावर हसत तोही हसून घेई, कारण पुढच्या रविवारी त्याला दुसऱ्यावर हसायला मिळायचं असे.

सगळ्यांत जास्त वाट्याला येई ते बाळच्या. बाळ हा त्याचा धाकटा भाऊ, एका शाळेत कवायतीचा मास्तर, काटक आणि अबोल. बायको शुभा हिच्यासह तो मार्तंडच्याच घरी राहत असे. वडील लवकर गेल्यामुळे मार्तंडने त्याला वाढवला होता, आणि वाढवताना जे टक्केटोणपे द्यायचे ते देऊन वर थोडे शिल्लकही ठेवले होते. बाळच्या हातून झालेली एखादी गोष्ट 'चांगली' आहे असं मार्तंडच्या तोंडून आजवर निघालेलं नव्हतं.

आणि बाळ तर चांगलाच होता, दुखणं तेच होतं. दोन्ही पट्ट्या जोडीने समांतर ठेवून, गुडघे मोडून, डावीकडे उजवीकडे डुलत तो माहेरावरून उतरे तेव्हा पोहे खाणारे हात थांबत. मार्तंड जे फक्त सांगू शकत होता ते बाळ करत होता.  मार्तंड काठीने जमीन उकरत म्हणे, "वळलास रे, पण घाबरून वळलास." बाळने एकदा भीतभीत विचारलं, "दादा, दव असताना एकदा सासरवरून येऊ का?" मार्तंड सगळीकडे नजर फिरवून म्हणाला, "आईने तुझं नाव बाळ ठेवलं ते विचार करूनच ठेवलं." त्या दिवशी हशा बराच वेळ चालला.

मार्तंड स्वतः कधी माहेराच्या वर गेला नाही. काश्मीरला गुडघा दुखावला म्हणे. मात्र एकदा भल्या पहाटे, एकटाच, सासरवरून उतरून आलो असं त्याने सांगितलं होतं, आणि बर्फवाल्या गुप्त्यांवर अविश्वास कोण दाखवणार?

हे असंच वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एका जानेवारीत अनुपमाबाईंच्या यजमानांचा दोस्त कॅप्टन चंद्रप्रकाश त्यांच्याकडे पाहुणा आला. हा दिल्लीकडचा, उंचापुरा, लष्करातला, आणि खरोखरच काश्मीरच्या बर्फात तयार झालेला. मंडळी त्याला डोंगरावर घेऊन पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. कॅप्टनने बाळच्या पट्ट्या मागून घेतल्या, गवत बोटांनी चाचपून पाहिलं, आणि माहेरावरून असा काही खाली आला की टाळ्याच टाळ्या झाल्या.

"अब गुप्ताजी," तो दम खात हसत म्हणाला. "आपकी इतनी तारीफ सुनी है. वो बड़ावाला दिखाइए."

सगळे मार्तंडकडे बघायला लागले. त्या बघण्यात थट्टा नव्हती, कौतुक होतं, आणि मार्तंडला तेच पेलेना. त्याने सासरकडे पाहिलं. उन्हात गवत नुसतं लखलखत होतं. काश्मीरच्या मेसमधलं ते हसणं त्याला स्पष्ट ऐकू आलं, आणि आता त्यात बँकवाले, अनुपमाबाई, वस्तीतली पोरंटोरं सगळी सामील होणार होती. मग सोमवारपासून तो ऑफिसात खिडकीजवळचा, आणि घरी कोण?

"मी कशाला?" तो म्हणाला. "मी तयार केलेला माणूस दाखवतो. बाळ, चल माझ्याबरोबर."

तिघे वर गेले. बाकीची मंडळी माहेराच्या तळाशी राहिली, वरचं बोलणं त्यांच्या कानी पडण्यासारखं नव्हतं. माथ्यावर बाळ पट्ट्या बांधता बांधता थांबला. "दादा, आत्ता? ऊन चढलंय. तूच सांगतोस ना."

"नियम मी केले, मोडणार मीच. घाबरलास तर तसं सांग. मी खाली जाऊन सांगतो की धाकट्याची हिंमत झाली नाही."

"नीचे पत्थर हैं, गुप्ताजी," कॅप्टन मध्ये पडला. "इस धूप में मैं खुद नहीं उतरूँगा."

"मेरा भाई है. मुझे मालूम है," मार्तंड म्हणाला. मग त्याने बाळच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्याने कधी ठेवला नव्हता. "तुला येतं रे. मी पाहिलंय ना."

बाळने मान वर करून भावाकडे पाहिलं. ते पाहणं इतकं उघडंवाघडं होतं की मार्तंडलाच नजर वळवावी लागली. आपण काय करतो आहोत हे त्याला पुरतं कळत होतं, हे इथे स्पष्ट सांगून टाकलेलं बरं. उतार त्याला कळत होता, ऊन कळत होतं, दगड दिसत होते. तरी त्याने खांद्यावरचा हात काढला आणि बाळला वाट करून दिली.

पहिली तीन वळणं बाळने अशी घेतली की कॅप्टनही "वाह" म्हणून गेला. छाती दरीकडे, वजन खालच्या पायावर, नजर पुढे, सारं जिथल्या तिथे. त्याच्याकडून चूक झालीच नाही. गवतच थांबू देईना. चौथ्या वळणाला पट्ट्या धरेनात, पाचवं वळण आलंच नाही, आणि मग दगडांत लाकूड मोडल्याचा आवाज झाला. मोडलं ते सगळंच काही लाकूड नव्हतं.

तबेल्यातून फळी आणून बाळला खाली नेलं. कंबरेपासून पाय भलतीकडे वळला होता. लोक गोळा झाले, कुजबुजले, कुणीतरी मार्तंडकडे पाहिलंही. तेव्हा फळीवरून बाळ दात आवळून म्हणाला, "दादा नको म्हणत होता. मीच हट्ट केला." मार्तंड फळीच्या पुढे होऊन लोकांना बाजूला सारू लागला. कॅप्टन दुसऱ्याच दिवशी दिल्लीला गेला.

सहा महिने बाळ अंथरुणावर होता. उठला तेव्हा एक पाय चांगला आखूड झालेला. कुबडी घेऊन कवायत शिकवता येत नाही, म्हणून शाळेने त्याला नकाशे आणि खडू सांभाळायच्या खोलीत बसवलं, निम्म्या पगारावर.  मार्तंडची बायको कुंदा दिराला आधी वाढायला लागली, घरात एवढाच फरक पडला.

आता कुणालाही वाटेल की पुढच्या दिवाळीनंतर मार्तंड डोंगराकडे फिरकला नसेल. अहो, उलट झालं. बाळचा पाय मोडल्यापासून मार्तंडच्या शब्दाला पूर्वी नव्हतं ते वजन आलं. त्याने नको म्हटलं असताना गेलेल्याचं काय झालं ते वस्तीने डोळ्यांनी पाहिलं होतं! घाटकोपर, भांडुपकडूनही लोक येऊ लागले. बाळही येई. घरी बसून काय करणार? पायथ्याच्या कातळावर बसून तो लोकांचे बूट आणि पाण्याची कळशी सांभाळी. पहिल्या एक-दोन रविवारी मार्तंड त्याच्याकडे बघायचं टाळत होता. मग एक नवखा तरुण जरा जास्त उड्या मारायला लागला तेव्हा मार्तंडच्या तोंडून निघून गेलं, "तो कातळावर बसलाय ना, माझा सख्खा भाऊ. आपली लायकी न ओळखता उतार निवडला की काय होतं, ते बघून घ्या." तरुण पाळण्यावर गेला. बाळने मान डोलावली. इतकं बिनतोड उदाहरण मार्तंडला आयुष्यात मिळालं नव्हतं, आणि फुकट मिळालेली वस्तू न वापरण्याइतका तो मोठा नव्हता. दर रविवारी नव्या मंडळींचा पहिला धडा तोच ठरला. काठी कातळाकडे जाई, बाळ मान डोलावी.

शुभा डोंगरावर कधी येत नसे. एका रविवारी बाळ डबा घरीच विसरला म्हणून ती घेऊन आली, आणि तिने तो धडा पहिल्यांदा ऐकला. काठी आपल्या नवऱ्याकडे वळलेली पाहिली, त्याची डोलणारी मान पाहिली. शेजारी अनुपमाबाई उभ्या होत्या. त्यांनाही ते वर्षभर जड झालं असावं. त्यांनी शुभाचा दंड धरून तिला बाजूला घेतलं आणि माथ्यावरच्या बोलण्याचं कॅप्टन जाताना काय सांगून गेला होता ते सांगून टाकलं.

शुभा डबा हातात घेऊनच परत मार्तंडसमोर आली. मोठ्या दिरासमोर तिने आजवर आवाज चढवला नव्हता, आजही चढवला नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "आज तुम्ही उतरून दाखवा. सासरवरून."

वीस-पंचवीस माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं.

"माझा गुडघा—" मार्तंड म्हणाला.

"ह्यांनाही दोन पाय होते. आत्ता ऊनही तेवढंच आहे. वर ह्यांना काय सांगितलंत तुम्ही? तुला येतं, असंच ना? मग तुम्हाला तर येतच असेल."

मार्तंड काठीने जमीन उकरू लागला.  तेव्हा कातळावरून बाळ बोलला, नेहमीच्याच हळू आवाजात.

"शुभा, पुरे. त्याला येत नाही."

"काय येत नाही?"

"उतरता. नांगर सोडला तर त्याला काही येत नाही. मी पहिल्या वर्षापासून बघतोय. कशाला सगळ्यांसमोर काढतेस त्याचं?"

त्याला भावाची बाजूच घ्यायची होती. बोलण्यात डूख नव्हता, काही नव्हतं, आणि म्हणूनच त्यातला एकेक शब्द मार्तंडच्या कानशिलात बसला. शुभाने नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू तो आजच तिला दिसला.

"माहीत होतं? मग गेलात का?"

बाळने कुबडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तो म्हणाला, तुला येतं. मला वाटलं, निदान तेवढं तरी त्याला खरं कळत असेल."

बँकवाले गृहस्थ आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसले.  मार्तंडने जवळच्या कुणाच्या तरी पट्ट्या उचलल्या, खांद्यावर टाकल्या आणि सासरची वाट धरली. बाळने मागून हाक मारली, "दादा, नको." तो थांबला नाही. या खेपेला नको म्हणणारा खरोखरच नको म्हणत होता.

माथ्यावर त्याने पट्ट्या बांधल्या. खाली गवत तसंच लखलखत होतं आणि त्याच्या खाली दगड तिथेच होते, जिथे बाळ पडला होता. मार्तंडने गुडघे मोडले, छाती दरीकडे केली. सारं पाठ होतं त्याला. त्याने पाय सोडायचं ठरवलं, आणि पाय सुटेनात. पुन्हा ठरवलं.  बाळ इथेच उभा होता, तीन वळणं घेऊन गेला होता, आणि आपल्याला अर्धंही घेता येत नाही, हे त्याला तिथे एकट्याला कळलं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तो खाली वाकला, पट्ट्या सोडल्या, काखेत मारल्या, आणि बुडावर बसून, टाचा गवतात रोवत, इंच इंच खाली सरकायला लागला.

आता हसतील म्हणून त्याने अंग आवळून घेतलं होतं. हसण्याची तयारी तो काश्मीरपासून करून होता, त्याला काहीतरी तिखट उत्तरही देता आलं असतं. पण खालून आवाज येईना. अर्ध्यावर येऊन त्याने मान वर केली. खाली सगळेच्या सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे होते. बँकवाले, अनुपमाबाई, घाटकोपरची मंडळी, शुभासुद्धा. उताराच्या सगळ्यांत जवळ कुबडीवर भार देऊन बाळ उभा होता. पहिली पाठ त्यानेच फिरवली असणार, आणि बाकीच्यांना त्यानेच सांगितलं असणार.

मार्तंड खाली पोचला तेव्हा त्याच्या पँटचा मागचा भाग फाटला होता आणि तळहात सोलपटले होते. तो बाळच्या मागे दोन हातांवर येऊन उभा राहिला. कुणीही वळलं नाही.

"दादा," बाळने वस्तीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "झालं का तुझं? वळू का आम्ही?"